ट्रस्कला आमचा विरोधच होता

टोलेडो ग्लासमेन या अमेरिकन फुटबॉल संघाच्या नव्या स्टेडियममध्ये जुन्यापेक्षा अकरा हजार खुर्च्या कमी असतील, असे जाहीर झाले त्या दिवशी शहरात कोणीही गोंधळ घातला नाही. व्यवस्थापनाने पत्रकात 'कमी' हा शब्दच वापरला नव्हता. त्यात 'आसनव्यवस्थेचे गुणात्मक सघनीकरण' असे म्हटले होते, आणि इतके भारदस्त काहीतरी आपल्या शहरात होत आहे याचा लोकांना आठवडाभर अभिमान वाटला. मग कोणीतरी वजाबाकी केली.

लेनर्ड गोर्स्कीने ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला केली आणि दोनदा तपासली. मोटारींच्या काचा बनवणाऱ्या कारखान्यात तो एकतीस वर्षे तपासनीस होता. मोहरीएवढा बुडबुडा असलेली काचही त्याच्या हाताखालून पुढे गेली नव्हती. निवृत्तीनंतर त्याच्याकडे दोनच मौल्यवान गोष्टी उरल्या होत्या : जुन्या स्टेडियमच्या विभाग ११४, रांग ९ मधली पाच नंबरची खुर्ची आणि सहा नंबरची खुर्ची. त्याच्या वडिलांनी मृत्युपत्रात घर बहिणीला आणि खुर्च्या लेनला दिल्या होत्या, आणि बहीण त्यावरून अजून त्याच्याशी धड बोलत नव्हती. वडील पाचवर बसत, लेन सहावर. वडील गेल्यावर लेन पाचवर आला आणि सहावर त्याचा मुलगा बसू लागला. गोर्स्की घराण्यात वारसा म्हणजे एक खुर्ची डावीकडे सरकणे.

नव्या स्टेडियममध्ये खुर्च्या कोणाला द्यायच्या, हे ठरवण्यासाठी शिकागोहून सल्लागार आले. जो जितका जुना ग्राहक तितका त्याचा नंबर आधी, ही पद्धत त्यांनी आठ महिने अभ्यासून फेटाळली. तिच्यातून फक्त वय कळते, असे त्यांचे म्हणणे पडले. निष्ठा मोजायची तर यातना मोजल्या पाहिजेत. त्यांनी 'यातना-निष्ठा निर्देशांक' तयार केला. शंभरपैकी तीस गुण किरकोळ दुःखांना होते. उरलेले सत्तर एकाच प्रश्नाला होते : डेल्विन ट्रस्कच्या निवडीला आपला त्या वेळी विरोध होता काय?

ट्रस्क प्रकरण टोलेडोत कोणाला समजावून सांगावे लागत नाही, आणि समजावून सांगितल्याशिवाय कोणी राहतही नाही. दर एप्रिलमध्ये कॉलेजातून बाहेर पडलेले खेळाडू सगळे संघ आळीपाळीने निवडून घेतात, त्या सोहळ्याला ड्राफ्ट म्हणतात. मागच्या मोसमात जो संघ सर्वांत वाईट खेळला त्याला निवडीचा पहिला मान मिळतो. बावीस वर्षांपूर्वी तो मान टोलेडोने अपार कष्टाने मिळवला होता. पुढ्यात दोन क्वार्टरबॅक होते, म्हणजे चेंडू फेकून सगळा डाव चालवणारे गडी. एक मार्कस डेलाहंट, दुसरा नेब्रास्काचा डेल्विन ट्रस्क. टोलेडोने ट्रस्कला घेतले. पुढच्या संघाने डेलाहंटला घेतले आणि चार अजिंक्यपदे जिंकली. ट्रस्क टोलेडोत पाच मोसम खेळला. त्याने फेकलेले चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हातात इतके बिनचूक पडत, की एका संघाने त्याला नाताळात फळांची टोपली पाठवली.

तेव्हापासून शहराने एक प्रथा पाळली आहे. दर वर्षी ड्राफ्टच्या दिवशी स्टेडियमच्या पार्किंगमध्ये लोक गाड्यांच्या मागे शेगड्या मांडतात, पोलिश सॉसेज भाजतात, बिअर उघडतात आणि मग टोप्या काढून उभे राहतात. इतरत्र एक मिनिट शांतता पाळतात. टोलेडोत एक मिनिट हुर्यो पाळतात. त्यानंतर प्रत्येक जण आपण त्या दिवशी कुठे होतो आणि ट्रस्कचे नाव पुकारल्यावर आपण काय केले, हे सांगतो.

लेनने पहिल्या वर्षी सांगितले होते, की त्याने मान हलवली. पाचव्या वर्षी तो म्हणाला होता, "मी तेव्हाच म्हटलं, संपलो आपण." दहाव्या वर्षी त्याने चीजच्या सॉसचे भांडे टीव्हीवर फेकले. पंधराव्या वर्षी टीव्ही फुटला.

"माझ्या डोळ्यांदेखत फुटला," शेजारच्या गाडीतला अर्नी होरवाथ दर वर्षी म्हणे. अर्नी त्या दिवशी मेहुणीच्या लग्नाला फ्लोरिडात होता, पण मैत्रीत अशा गोष्टी कोणी काढत नाही. टीव्ही अजून लेनच्या तळघरात होता आणि त्याचे चित्र स्वच्छ येत असे.

त्यामुळे 'नमुना २६-ब : पूर्वविरोधाचे शपथपत्र' हाती आले तेव्हा लेनने ते भरताना पेन कागदावरून एकदाही उचलले नाही. अट एवढीच होती, की सही नोटरीसमोर व्हावी. पूर्व टोलेडोत शनिवारी हजर असणारा, नम्र आणि झटपट काम करणारा नोटरी एकच होता. पार्सलच्या दुकानात, खोक्यांच्या कपाटापलीकडच्या काउंटरवर तो बसे. त्याचे नाव डेल्विन ट्रस्क.

रांग दुकानाबाहेर लाँड्रीपर्यंत गेली होती. बहुतेकांच्या अंगात ग्लासमेनची जर्सी होती.

"दुसरीकडे जाऊ या का रे?" अर्नी हळूच म्हणाला. "बरं नाही दिसत."

"दुसरीकडे आधी वेळ घ्यावी लागते."

"पण त्याच्याच तोंडावर…"

"त्यात काय? तो सगळ्यांचं करतोय."

हे खरे होते. ज्या कागदात आपला हितसंबंध आहे त्यावर नोटरीने शिक्का मारू नये, असा नियम आहे, म्हणून ट्रस्कने राज्याच्या कार्यालयाला रीतसर पत्र लिहून विचारले होते. उत्तर आले, की हितसंबंध म्हणजे फायदा. केवळ बेअब्रू होत असल्यास हितसंबंध उद्भवत नाही. ते उत्तर त्याने चौकटीत लावून काउंटरवर ठेवले होते.

लेनचा नंबर आला. ट्रस्क आता चव्वेचाळीस वर्षांचा, चष्म्याचा, मऊ आवाजाचा माणूस होता.

"ओळखपत्र? छान. मोठ्याने वाचू, की मनात वाचलेलं चालेल?"

"मनातच वाचा," लेन म्हणाला.

ट्रस्कने वाचले. "माझ्या खांद्याबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. बहुतेक लोक खांद्यासाठी वेगळा मुद्दा घालतात."

"घालायला हवा का?"

"सल्ला देता येत नाही मला. आधीच्या सद्गृहस्थांनी 'उजवा खांदा व एकंदर चारित्र्य' असं लिहिलं होतं, एवढंच सांगतो."

लेनने खांदा घातला. ट्रस्कने त्याला हात वर करायला सांगितला, शपथ दिली, शिक्का मारला आणि मागच्या बाईंना म्हणाला, "या."

मुदत संपली तेव्हा एक लाख चार हजार शपथपत्रे जमा झाली होती. विरोधक एक लाख चार हजार, समर्थक शून्य. मग त्या वेळी ट्रस्कच्या स्वागताला विमानतळावर जमलेले चौदा हजार लोक कोण होते, असा प्रश्न उपस्थित झाला. सल्लागारांनी ते प्रवासी असावेत असा निष्कर्ष काढला. परंतु एवढे समान गुण मिळाल्यावर खुर्च्या वाटता येईनात, म्हणून छाननी करणे भाग पडले. छाननी करणाऱ्यांना जन्मनोंदींचे रजिस्टर सापडले. त्या वर्षाआधी शहरात डेल्विन नावाचा एकही मुलगा जन्मलेला नव्हता. त्या वर्षी दोनशे बारा जन्मले होते.

लेनला पत्र आले, की त्याच्या अर्जाशी विसंगत असा पुरावा आढळला असून तो पुरावा त्याच्याच पत्त्यावर राहतो.

सुनावणी मिस पामेला क्विग्ली यांच्यापुढे झाली. त्या संघाच्या चाहता-भावना विभागाच्या उपाध्यक्ष होत्या. टेबलावर टिश्यूचा खोका होता आणि त्यावर संघाचे बोधचिन्ह होते.

"मिस्टर गोर्स्की, आपल्या मुलाचं नाव डेल्विन."

"हो, पण ते बायकोच्या मामांवरून ठेवलंय."

"मामांचं नाव?"

"स्टॅनिस्लॉस," लेन म्हणाला. एकतीस वर्षे तपासनीस असलेल्या माणसाला खोटे बोलण्याचा सराव नसतो. पार्किंगमधले वेगळे.

मिस क्विग्लींनी ते लिहून घेतले. "हे पाहा, आम्ही कोणाला दोष देत नाही. पण ज्यांचा पाठिंबा सिद्ध होतोय असे शहरात तुम्ही दोनशे बारा लोकच आहात. म्हणजे ती निवड तुम्ही केलीत, असं समजायला हरकत नाही. तुम्हाला खांबामागच्या खुर्च्या मिळतील."

"नव्या स्टेडियमला खांब आहेत?"

"छताला गरज नाही त्यांची. पण अशा प्रकरणांसाठी दोनशे बारा ठेवलेत."

लेनच्या डोळ्यांपुढे पाच आणि सहा नंबरच्या खुर्च्या होत्या, पाचच्या हातावर वडिलांनी चावीने कोरलेली आद्याक्षरे होती.

"उपाय आहे," मिस क्विग्लींनी टिश्यूचा खोका पुढे सरकवला. "पुरावा दुरुस्त करता येतो. नाव बदलून आणा."

पुरावा संध्याकाळी ड्यूटीवरून घरी आला. डेल्विन गोर्स्की एकवीस वर्षांचा होता आणि रुग्णवाहिकेवर कामाला होता. आईने ठेवलेली कोबीची भाजी त्याने उभ्यानेच खायला घेतली.

"डॅड, तू मला नाव बदलायला सांगतोयस?"

"कागदावर फक्त. घरात आम्ही डेल्विनच म्हणू."

"माझ्या वर्गात नऊ डेल्विन होते. बाई नंबर देऊन हाक मारायच्या. मी डेल्विन सहा. डबा हातातून पडला की अख्खा वर्ग हुर्यो करायचा."

"म्हणूनच म्हणतो, सुटशील."

"आता? सवय झाल्यावर?" त्याने काटा खाली ठेवला. "बरं, तू विरोधात होतास ना? पार्किंगमध्ये मी लहानपणापासून ऐकतोय. टीव्ही फोडलास. मग सहा महिन्यांनी मी झालो तेव्हा हेच नाव का ठेवलंस?"

लेनने पत्नीकडे पाहिले. रोझान भांडी पुसत होती. एकवीस वर्षे ती या प्रश्नाची वाट पाहत असावी, इतक्या शांतपणे ती पुसत होती.

"तेव्हा ते नाव चांगलं वाटत होतं," लेन म्हणाला.

"हरकत नाही," मुलगा म्हणाला. "सहा नंबर मलाही हवाय. चल, करून टाकू."

शनिवारी दोघे रांगेत उभे राहिले. रांगेत बरेच तरुण होते आणि सगळे डेल्विन होते. बहुतेकांच्या अर्जात नवे नाव मार्कस होते.

ट्रस्कने मुलाचे लायसन्स पाहिले आणि चष्मा वर केला. "छान नाव आहे," तो म्हणाला. मग अर्जाला जोडलेली बापाच्या जुन्या शपथपत्राची प्रत त्याने उलटली, तिच्यावरची सही पाहिली आणि किंचित थांबला. "मिस्टर गोर्स्की, गेल्या वेळेपासून ही सही आधी कुठेतरी पाहिल्यासारखी वाटत होती. शेवटच्या अक्षराची शेपटी. तुम्ही मला पत्र लिहिलं होतंत."

"तुमची गल्लत होतेय."

"होत असेल. चार हजार पत्रं आली होती त्या आठवड्यात. पण तुमचं पहिलं वाक्य मी कपाटाच्या दाराला आतून लावलं होतं, पाच वर्षं. 'देवाने अखेर आमच्या शहराकडे पाहिलं.'"

रांग पुढे झुकली. मुलगा बापाकडे बघत होता.

"अजून काय लिहिलं होतं?" त्याने विचारले.

"ते मला सांगता येत नाही," ट्रस्क म्हणाला. "नोटरीचा मजकुराशी संबंध नसतो. सही ओळखायची, बस. खाली एक ओळ होती, की मुलगा झाला तर माझं नाव ठेवाल. मी छोटी जर्सी पाठवली होती. मापाला झाली का, ते विचारायचं राहून गेलं."

"झाली," डेल्विन गोर्स्की म्हणाला. "फोटो आहे माझा त्यातला. मला वाटायचं, ती दुकानातून आणलेली." त्याने काउंटरवरचा आपला अर्ज उचलला, घडी घातली आणि खिशात ठेवला. "डॅड, राहू दे हे. मला कामावर जायचंय."

लेनने त्याला थांबवले नाही. मागच्यांचा खोळंबा होत होता.

सोमवारी तो पुन्हा मिस क्विग्लींकडे गेला. पुरावा दुरुस्त होत नाही म्हणाला. त्यांना वाईट वाटले. त्यांना वाईट वाटण्यासाठी स्वतंत्र रकाना होता आणि तो त्यांनी भरला.

"मग एकच नमुना उरतो. २६-ड."

लेनने वाचले. 'मी शपथेवर जाहीर करतो, की वरील अपत्याच्या नामकरणाचा निर्णय घेतेवेळी माझी विवेकबुद्धी ठिकाणावर नव्हती, व सदर निर्णयाचा व त्यातून उद्भवलेल्या अपत्याचा मला मनःपूर्वक पश्चात्ताप होत आहे.'

"'त्यातून उद्भवलेल्या परिणामांचा' असं हवं ना इथे?" तपासनीस म्हणाला.

"छपाईत चूक झाली. दोनशे बारा प्रतींसाठी परत कोण छापणार? एकशे अठ्ठ्याण्णव जणांनी सह्या केल्यासुद्धा." त्या मृदूपणे हसल्या. "लोक वाचत नाहीत, मिस्टर गोर्स्की."

लेनला मोहरीएवढा बुडबुडा दिसत होता. त्याने तो बराच वेळ पाहिला. मग तो ट्रस्कच्या काउंटरवर गेला, हात वर केला आणि काच पुढे जाऊ दिली.

वसंतात नवे स्टेडियम उघडले, नेमके ड्राफ्टच्या दिवशी. मैदानावर सामना नव्हता, भल्या मोठ्या पडद्यावर निवड दाखवायची होती. लेन विभाग ११४, रांग ९, खुर्ची क्रमांक पाचवर बसला. खुर्ची नवी होती, हातावर काही कोरलेले नव्हते. सहा नंबर दुरुस्त न झालेल्या आश्रिताच्या नावे असल्यामुळे रद्द होऊन गुणवत्ता यादीत गेला होता. मुलगा बाहेर होता. फाटकापाशी दोन रुग्णवाहिका उभ्या होत्या आणि एकीवर त्याची ड्यूटी होती.

सहावर येऊन बसला तो ट्रस्क.

"नमस्कार, मिस्टर गोर्स्की. मलाही आश्चर्य वाटलं. माझ्या वेळच्या ड्राफ्टच्या आठवडाभर आधी मी संघाला पत्र लिहिलं होतं, की खांद्याचं ऑपरेशन झालंय, मला घेऊ नका, डेलाहंटला घ्या. ते फायलीत निघालं. एक लाख चार हजारांत लेखी पुरावा असलेला विरोध एकच, म्हणे. खुर्ची निवडायचा पहिला मान मला दिला."

"आणि तुम्ही नेमकी हीच निवडलीत?"

"तुम्ही पत्रात लिहिलं होतंत ना, की इथून मैदान सगळ्यांत छान दिसतं."

सात वाजता टोप्या निघाल्या आणि एक मिनिट हुर्यो पाळली गेली. ट्रस्कही उभा राहिला. त्याने टोपी छातीशी धरली होती.

मागच्या मोसमात संघ पुन्हा सर्वांत वाईट खेळला होता, त्यामुळे पहिली निवड टोलेडोचीच होती. या खेपेला व्यवस्थापन सावध होते. प्रत्येक खुर्चीवर 'नमुना २७ : आगाऊ पूर्वविरोधाचे शपथपत्र' ठेवलेले होते. खेळाडूच्या नावाची जागा कोरी होती. नाव जाहीर झाल्यापासून तासाभरात नोटरीचा शिक्का घेतल्यास पुढच्या स्टेडियमसाठी गुण राखून ठेवले जाणार होते.

पडद्यावर नाव आले. जेरिको व्हेल, क्वार्टरबॅक, आयडाहो.

स्टेडियम उठले. अर्नी खांबामागे असूनही उठला. मेहुणीच्या लग्नाचे फोटो छाननीत निघाले होते. अनोळखी माणसे एकमेकांच्या गळ्यात पडली. आठव्या रांगेतल्या एका गरोदर बाईने नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगितले आणि नवऱ्याने डोळे पुसले. लेन बावीस वर्षांत इतका ओरडला नव्हता. त्याचा घसा बसला. तो शेजारच्या माणसाकडे वळला.

"देवाने अखेर आमच्या शहराकडे पाहिलं," तो म्हणाला.

"हो," ट्रस्क म्हणाला. त्याने कोटाच्या खिशातून शिक्का काढला, गुडघ्यावर कागद पसरला. "नाव भरलंत का? सही इथे. खांद्याबद्दल काही घालायचं?"

लेनने व्हेलचे नाव लिहिले, एका हाताने झेंडा हलवत दुसऱ्या हाताने सही केली. शेवटच्या अक्षराची शेपटी नेहमीसारखी आली. तोवर रांग नऊमध्ये ट्रस्कच्या शिक्क्यासाठी माणसे उभी राहू लागली होती. त्यांची रांग जिन्यावरून खाली गेली, फाटकाबाहेर पडली, पार्किंगमधून वळली. रुग्णवाहिकेच्या पायरीवर बसलेला डेल्विन गोर्स्की माणसे मोजत होता, पण त्याने मग नाद सोडला. रांगेत एकापेक्षा एक शहाणी माणसे होती. ज्याला सगळ्यांनी डोक्यावर घेतले, त्याला यांच्यातल्या कोणीच कधी निवडले नव्हते.

रांग शांत आहे, कोणी ढकलाढकली करत नाही. शेवटच्या माणसामागे अजून एका माणसापुरती जागा आहे. तुम्ही तर कधीच कोणाला निवडले नव्हते, तेव्हा नि:संकोच या. ओळखपत्र तेवढे सोबत असू द्या.